पलटण अजून वीटभट्टीवर

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सोमवारपासून पुन्हा लढाई. या वर्षातली सातवी. आधीच्या सहांपैकी चार मी जिंकलो, दोन हरलो, आणि सहाही वेळा संध्याकाळी सहाच्या बसने घरी आलो. निवृत्तीनंतर शत्रू होऊन पोट भरणारा माझ्याशिवाय आणखी कोणी असेल तर त्याला एकदा भेटायला आवडेल. लष्कराच्या या सराव केंद्रात मला कोणी नावाने हाक मारतच नाही. कँटीनवालासुद्धा ओरडतो, "शत्रूसाहेबांचा बिनसाखरेचा!"

आज संचालकांनी येणाऱ्या ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांची यादी हातात दिली. दुसऱ्याच ओळीत भाचा. ब्रिगेडियरच्या हाताखालचा मुख्य अधिकारी, म्हणजे सगळ्या बातम्या ज्याच्या टेबलावरून पुढे जातात तो.

मी म्हटलं, "साहेब, हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा."

"मग काय बिघडलं? घरचं भांडण सरकारी खर्चाने होतंय," ते म्हणाले. मग जरा गंभीर होऊन, "नको असेल तर सांगा. पण लाल बाजू सांभाळायला दुसरा माणूस नाही माझ्याकडे. होता तो हर्नियाचं ऑपरेशन करून घरी पडलाय."

राहतो म्हणालो. ही ब्रिगेड जानेवारीत सीमेवर जाणार आहे, खरोखरीची. त्याआधीची ही शेवटची तालीम.

सोमवार, ४

गुडघा सकाळपासून ठणकतोय. तीन जिने.

खालच्या मोठ्या दालनात खिडक्या नाहीत. अठरा टेबलं, भिंतभर नकाशा, रेडिओ. ब्रिगेडियर आणि त्याचे अधिकारी तिथे बसतात, रणांगणावर बसतील तसेच. बाहेर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. भिंतीपलीकडच्या लांब खोलीत चाळीस जवान संगणकांसमोर बसतात. प्रत्येक जण आपापली कंपनी पडद्यावर हलवतो आणि काय दिसतंय, कुठे पोचलो, ते रेडिओवरून दालनात सांगतो. उतार, चिखल, डिझेल, झोप, तोफगोळे या सगळ्यांचा हिशेब यंत्र करतं. आणि वर काचेच्या खोलीत मी, शत्रू. माझ्या शेजारी गणितवाल्या बाई, यंत्राच्या मालकीण म्हणा. वीस वर्षं हेच करतायत. नियमाप्रमाणे मी फक्त माझी लाल बाजू बघायची. पण बाईंचा मोठा पडदा माझ्या डाव्या हाताला आहे, त्यावर दोन्ही बाजू असतात, आणि मान वळते.

ब्रिगेडियर आवडला. आल्या आल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांशी हात मिळवले. पहिल्याच बैठकीत रसद सांभाळणारी कॅप्टन उभी राहिली, बारीक अंगाची मुलगी, आवाजही बारीक. म्हणाली, "सर, या एका रस्त्यावरून दोन पलटणी सहा तासांत निघणार नाहीत." तो हसला. "कॅप्टन, अडचणी सांगायला मला अख्खं जग आहे. तुम्ही उपाय सांगा." सगळं दालन हसलं. ती खाली बसली. काय छान बोलला! आमच्या वेळी असा तडफदार वरिष्ठ मिळाला असता तर आम्हीही काही करून दाखवलं असतं.

भाचा व्हरांड्यात दिसला. कडक सॅल्यूट ठोकला. मीही "या मेजर" म्हणालो. दोघांनाही हसू येत होतं, दोघांनीही दाबलं.

मंगळवार, ५

लढाईचा पहिला दिवस. मी नदीवरून मागे सरलो, मुद्दामच. त्यांना वाटलं मी पळालो. दालनात टाळ्या वाजल्या, वरपर्यंत ऐकू आल्या.

घरी ताई वाटच बघत होती. आमची ही गेल्यापासून, सहा वर्षं, ताई माझ्याकडेच आहे. सराव संपेपर्यंत मुलाला केंद्राबाहेर यायची परवानगी नाही. चार मैलांवर मुलगा आणि भेट नाही, म्हणून घालमेल.

"कसा आहे?"

"छान."

"वाळलाय?"

"नाही गं."

"काम कसं करतोय?"

"एकदम छान."

तिने चहा पुढ्यात ठेवला. "तुला काहीही विचारलं की उत्तर कसं इस्त्री करून येतं."

आता छान चाललंय त्याला छान नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? बायकांना काळजी करायला काहीतरी लागतंच.

बुधवार, ६

विशेष नाही. पाऊस टाकायला लावला बाईंना, पडद्यावरचा. रस्ते मऊ झाले.

कँटीनमध्ये बाईंना विचारलं, तुमच्या यंत्रात माणसांचा थकवा धरलाय का? म्हणाल्या, "धरलाय की. शून्य ते शंभर. ऐंशीच्या पुढे गेला की पलटण ऐकेनाशी होते." आणि बशीत चहा ओतून म्हणाल्या, "माझा आकडा विचारू नका."

गुरुवार, ७

आजचं नीट लिहून ठेवतो.

बेत असा होता. त्यांची दुसरी पलटण वीटभट्टीवरून पुढे सरकून अकराच्या आत तिठ्याच्या गावात पोचणार. ती पुढे गेली की मी मागून भट्टीजवळ बाहेर पडणार, हे ब्रिगेडियरने बरोबर ओळखलं होतं. म्हणून ठीक अकराला भट्टीवर तोफा डागायच्या, म्हणजे मी उघड्यावर सापडणार. बेत चांगला होता. मी सापडलोही असतो.

पण रस्ता एकच, त्यात कालचा चिखल. पुढच्या तीन गाड्या रुतल्या आणि अख्खी पलटण त्यांच्यामागे अडकली. अकराला पाच कमी असताना मी मान वळवून पाहिलं तर त्यांचे निळे ठिपके सगळे भट्टीवर. मला वाटलं, आता तोफा थांबवतील. खाली काचेतून दालनातला नकाशा दिसतो. तिथे त्या पलटणीची निळी टाचणी तिठ्याच्या गावात टोचलेली.

अकरा वाजून चार मिनिटांनी तोफा सुटल्या.

यंत्राला आकडा काढायला चाळीस सेकंद लागतात. त्रेसष्ट ठार, एकशे बारा जखमी. सगळे त्यांचेच, त्यांच्याच तोफांनी. मी एक गोळी झाडली नाही.

लांब खोलीत त्या कंपनीच्या पडद्यावर जो हवालदार बसला होता, तो खरोखर त्याच कंपनीचा आहे. यंत्रात माणसं नावानिशी भरलेली असतात. मी खाली गेलो तेव्हा तो यादी वाचत होता, बोट ठेवून, एकेक ओळ. मग हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुवत उभा राहिला. बराच वेळ धुवत होता.

ब्रिगेडियर तीन जिने धावत वर आला. "तुमचं यंत्र चुकलंय! माझी पलटण तिठ्यावर होती. माझ्या नकाशावर आहे ती!"

बाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "नकाशावर होती, साहेब."

शुक्रवार, ८

सकाळी संचालकांच्या खोलीत आम्ही तिघे रेडिओचं रेकॉर्डिंग ऐकत बसलो. दहा त्रेपन्नला हवालदाराचा आवाज, स्वच्छ: "आम्ही अजून वीटभट्टीवर. गाड्या रुतल्यात. पुढे सरकत नाही." आणि मग भाच्याचा: "ठीक आहे. तासाभरात निघाल ना? मी पोचलात असं लावतो."

मी पोचलात असं लावतो.

 बाईंनी ते पुन्हा लावलं नाही, एवढी मेहरबानी.

संचालकांनी चष्मा पुसला. "गुरुवारी मुख्यालयातून पाहुणे येतायत समारोपाला. दोन महिन्यांत ही माणसं सीमेवर जाणार. आता यांचं खच्चीकरण करून आपण काय मिळवणार? संपर्कातला बिघाड. असं होतं कधीकधी. तुमच्या अहवालात तसं लिहा, सोमवारच्या आढाव्यात तेच वाचू."

बाई म्हणाल्या, "बिघाड नव्हता. माझ्याकडे नोंद आहे."

"नोंद राहू द्या की. मी कुठे पुसा म्हणतोय?"

मी लिहिलं. चार ओळी. हाताला जड गेलं नाही, उलट सुटल्यासारखंच वाटलं. पोराची आठ-नऊ वर्षांची नोकरी एका वाक्यात बुडवून कोणाचं भलं होणार होतं? मेले ते आकडे. माणसं लांब खोलीत पाव खात बसली होती.

दुपारी भाचा वर आला. दारात उभा. "सर, कालच्या भट्टीबद्दल मला—"

मी उठून दार लोटलं आणि हळूच म्हणालो, "संपर्कातला बिघाड आहे. अहवाल गेला. तू डोक्यातून काढून टाक."

तो काहीतरी बोलणार होता. मग "होय सर" म्हणाला आणि गेला. किती हलकं वाटलं असेल त्याला.

शनिवार, ९

सुट्टी. दिवसभर पडून होतो. झोप मात्र आली नाही.

रविवार, १०

हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितो.

दुपारी जेवून उठलो. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "काय झालंय तिकडे?"

"कुठे काय? छान चाललंय."

तिने हातातली घडी ठेवली. "छान आहे, असं तू त्या दिवशीही म्हणाला होतास."

"कुठल्या दिवशी?"

"यांची बातमी घेऊन आलास त्या. 'एका क्षणात गेले ताई, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना. चेहरा छान शांत होता.'"

बावीस वर्षं झाली. दाजी माझ्याच रेजिमेंटचे. त्या आघाडीवर मी होतो, दाजींना खाली आणलं तेव्हा मी पाहिलं होतं, डॉक्टरशीही बोललो होतो. बातमी सांगायला मीच जातो म्हणून मागून घेतलं होतं. दारात उभा राहून काय बोलायचं ते गाडीत पाठ करत आलो होतो.

ताई म्हणाली, "सात तास पडून होते उतारावर. पाणी मागत होते. खालून ऐकू येत होतं, पण वर जाता येत नव्हतं."

 मी म्हटलं, "कोणी सांगितलं?"

"त्यांना उचलून आणणाऱ्या चौघांतला एक जण आला होता, तिसऱ्या वर्षी. ओझं झालं होतं बिचाऱ्याला. सगळं सांगितलं, रडला, जेवला आणि गेला."

"मग मला का नाही बोललीस, इतकी वर्षं?"

"तू किती नीट रचून सांगितलं होतंस. दर वर्षी त्या तारखेला येऊन बसायचास आणि म्हणायचास, निदान त्रास तरी झाला नाही. आणि मी मान हलवायचे. तुला बरं वाटावं म्हणून." तिने पुन्हा घडी हातात घेतली, पुन्हा ठेवली. "दमले रे मी मान हलवून. नवरा माझा गेला आणि सांभाळत तुला बसले."

मग मी विचारलं, पोराला माहीत आहे का. म्हणाली, तो सतरा वर्षांचा झाला तेव्हा तिनेच सांगितलं. "आणि वर बजावलं, मामाला कळू देऊ नकोस हं, त्याला वाईट वाटेल. शहाणं पोर. एकदाही चेहऱ्यावर दाखवलं नाही त्याने."

तेव्हापासून मी मनाशी घोकतोय की ते वेगळं आणि हे वेगळं. तिथे मेलेला माणूस परत येणार नव्हता, निदान बाईमाणसाला सुखाने झोप लागावी एवढंच होतं. इथे रणांगण आहे, नकाशा आहे, शिस्त आहे. घोकून घोकून थकलो. वेगळं असेल तर असो. उद्या जाऊन अहवाल परत मागतो.

सोमवार, ११

सकाळी आठलाच संचालकांच्या दारात. "माझा अहवाल परत द्या. मी खोटं लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजारी आहे. "भाच्याला बुडवायचंय का तुम्हाला? अहो, सगळं मिटलंय. कशाला उकरून काढताय?"

"त्या हवालदाराने सांगितलं होतं साहेब. आता त्याला सांगायचं का, की तुझा रेडिओ बिघडला होता?"

बराच वेळ त्यांनी टेबलावर पेन्सिल आपटली. मग म्हणाले, "तुम्हीच बोला. माझ्या तोंडून नको."

दहाला आढावा. सगळे दालनात, लांब खोलीतले जवानही मागे उभे. मी पुढे गेलो.  म्हटलं, गुरुवारी यंत्र चुकलं नव्हतं, रेडिओही बिघडला नव्हता. आणि वर काचेमागे बसलेल्या बाईंना खूण केली.

सगळ्यांनी ऐकलं. "मी पोचलात असं लावतो." भाचा आपल्या टेबलाशी ताठ उभा. मान खाली नाही. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

ब्रिगेडियरचा चेहरा उतरला. तो ओरडला नाही, उलट आवाज खालीच आला. "मला का नाही सांगितलंस? मी तोफा थांबवल्या असत्या."

"सांगितलं होतं, सर."

"कधी?"

"दहा दहाला. दहा पंचवीसला. आणि कॅप्टनने दहा चाळीसला. तिन्ही वेळा तुम्ही आम्हाला थांबवलंत. चौथ्यांदा मला धीर झाला नाही." थोडं थांबून म्हणाला, "ती चूक माझीच आहे, सर. टाचणी मी टोचली."

मला हे ठाऊकच नव्हतं. मी रेडिओचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं, दालनातलं नाही. दालनातलंही रेकॉर्डिंग होत असतं हेच मला आज कळलं. भाच्याला मी सर्वांसमोर उभं केलं ते अर्धंच ऐकून.

ब्रिगेडियर वर काचेकडे वळला. "दालनातलं आहे का तुमच्याकडे?"

बाई वरून माईकवर म्हणाल्या, "सगळं असतं साहेब. कोणी मागत नाही, एवढंच."

"लावा."

दहा दहा. भाचा: "सर, दुसरी पलटण मागे पडतेय." ब्रिगेडियर: "मागे पडतेय म्हणजे? ढकला."

दहा पंचवीस. भाचा: "सर, गाड्या रुतल्यात, अकरापर्यंत मला नाही वाटत—" ब्रिगेडियर: "मेजर, मला 'नाही' आणून देऊ नका. वेळेत पोचल्याची बातमी आणून द्या."

दहा चाळीस. कॅप्टनचा तो बारीक आवाज: "सर, भट्टीचा रस्ता—" आणि ब्रिगेडियर, हसत: "आल्या अडचणी घेऊन!" आणि मागून अख्ख्या दालनाचं हसणं.

आज कोणी हसलं नाही. स्वतःचं हसणं यंत्रातून ऐकणं फार वाईट.

ब्रिगेडियर एक खुर्ची ओढून बसला. ती खुर्ची दुसऱ्याच कोणाच्या तरी टेबलाची होती.  पन्नास-साठ माणसं उभी आणि पंख्याचा आवाज. मला वाटलं, आता भाच्याची बदली, माझी हकालपट्टी, किंवा दोन्ही. पण तो उठला, मागे लांब खोलीतल्या जवानांपर्यंत चालत गेला आणि त्या हवालदारासमोर उभा राहिला. "तू बरोबर सांगितलं होतंस," एवढंच म्हणाला. हवालदार "होय साहेब" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग संचालकांना म्हणाला, "गुरुवार मला परत लढायचाय. हीच माणसं, याच खुर्च्यांवर."

"गुरुवारी पाहुणे आहेत साहेब. समारोप ठरलाय."

"बघू देत त्यांना."

मंगळवार, १२

जिन्यात भाचा एकटा सापडला. मी म्हटलं, "मला आधी तुला विचारायला हवं होतं."

"शुक्रवारी मी सांगायलाच वर आलो होतो, मामा." केंद्रात पहिल्यांदाच मामा म्हणाला. "तुम्ही दार लावलंत."

 तो दोन पायऱ्या उतरला, परत वळला. "आईने सांगितलं ना तुम्हाला? काल फोन केला होता तिने." मी मान हलवली. "बरं झालं," म्हणाला. चेहऱ्यावर राग होता की थकवा, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

बुधवार, १३

तयारी. पुन्हा तोच पाऊस, तोच चिखल, त्याच तीन गाड्या. बाई म्हणाल्या, "या वेळी गाड्या रुतवू की नको?" मी म्हटलं, रुतवा.

गुरुवार, १४

पाहुणे दोघे. एक अतिशय पांढऱ्या केसांचे, एक सतत घड्याळ बघणारे. मागच्या रांगेत बसवले.

आज मी काचेला नाक लावून बसलो होतो. बाईंनी दालनातला आवाज आमच्या खोलीत लावून दिला.

दहा दहा. भाचा: "सर, दुसरी पलटण मागे पडतेय. अकराला पोचणार नाही."

"किती मागे?"

"पाच किलोमीटर."

दहा पंचवीस. "सर, तीन गाड्या रुतल्या. पोचणार नाही."

"ऐकलं मी." मान लालबुंद. वरूनसुद्धा दिसत होती.

दहा चाळीस. "सर, पलटण अजून वीटभट्टीवर आहे."

"ऐकलं म्हणालो ना!" हात टेबलावर आपटला, पेला पडला. सवयी काय तीन दिवसांत जातात?  भाचा जागचा हलला नाही. हातात टाचणी, टाचणी भट्टीवर.

दहा त्रेपन्नला हवालदाराचा रेडिओ. भाच्याने ऐकलं, वळला आणि चौथ्यांदा म्हणाला, "सर, अजून भट्टीवर. तोफा थांबवायला हव्यात."

 मग ब्रिगेडियर कॅप्टनकडे वळला. "रस्ता मोकळा व्हायला किती वेळ?"

"दोन तास दहा मिनिटं, सर."

"दोन तासांत तिठा हातचा जाईल."

"हो सर," ती म्हणाली. "जाईल."

"तोफा थांबवा."

आता पाळी माझी होती. ते दोन तास दहा मिनिटं मला मिळाली होती आणि शत्रूने ती वाया घालवायची नसतात. मी तिठ्याचं गाव घेतलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सोपी चाल. खरं सांगायचं तर एकदा मनात आलं, थोडं रेंगाळावं, पोरांना संधी द्यावी. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी चाल पुरी केली.

संध्याकाळी हिशेब आला. त्यांचे नऊ ठार, एकवीस जखमी. तिठा माझ्याकडे. घड्याळवाल्या पाहुण्यांनी वहीत लिहिलं आणि समोर ठेवलं: उद्दिष्ट साध्य झाले नाही. पांढऱ्या केसांच्यांनी काहीच लिहिलं नाही. फक्त जाताना कॅप्टनला विचारलं, "तुम्ही रस्त्याचा वेळ कसा काढलात?" ती पंधरा मिनिटं त्यांना समजावत होती. तिचा आवाज आज मला बारीक वाटला नाही.

समारोपाची भाषणं झाली. ब्रिगेडियर वर आला, या वेळी सावकाश, एकेक पायरी. डोळ्यांखाली काळं. म्हणाला, "सवलत दिली नाहीत तुम्ही."

"नाही साहेब."

"बरं केलंत." खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "मेजरला मी नेतोय बरोबर. आणि कॅप्टनला नकाशाजवळ बसवतोय. मला ते आवडणार नाही रोज. पण नेतोय."

बढती त्याची बहुधा गेली. मुख्यालयात कागद कागदासारखाच वाचतात.

रविवार, १७

भाचा घरी आला, तीन दिवसांची रजा. सकाळी अकराला. ताईने त्याला धरलं, सोडलं, पुन्हा धरलं, वाळलायस म्हणाली. माझ्याशी तो अदबीने बोलला, अदबीनेच. अजून बसलंय त्याच्या मनात, आणि बसू दे. एका आठवड्यात निघून जावं अशी माझी अपेक्षाही नाही.

जेवणं झाली. तिघे टेबलाशीच बसून राहिलो. ताईने विचारलं, "जानेवारीत तिथे जाणार तर काय काम असणार?"

"काही विशेष नाही गं आई. नेहमीचीच ड्यूटी, सगळं—" आणि तो थांबला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत थांबला. ती वाट बघत होती. घाई नव्हती तिला.

मग तो पाणी प्यायला आणि सांगायला लागला. कोणती खिंड, चौकी कुठे, समोर कोण, किती अंतरावर. मागच्या हिवाळ्यात तिथे काय झालं होतं, वर्तमानपत्रात आलं होतं ते आणि आलं नव्हतं तेही. मला वाटलं ती मध्येच पुरे म्हणेल. ती म्हणाली, "थांब, मला दिसत नाही नुसतं ऐकून," आणि कागद-पेन्सिल घेऊन आली. त्याने रेघा मारल्या. डोंगर, चौकी, खाली छावणी.

ती चष्मा लावून वाकली. "दवाखाना कुठे?"

त्याने खूण केली. लांब होती.

"आणि रस्ता हा एकच?"

"एकच."

"बर्फ पडला की?"

"बंद होतो. चार दिवस, कधी आठ."

"मग त्या आठ दिवसांत कोणाला लागलं तर?"

तो पेन्सिल फिरवत राहिला. मी ओठ दाबून बसलो होतो. माझ्या जिभेवर एक छान वाक्य आलं होतं, तयार, गुळगुळीत. मी ते गिळलं.

"तर कठीण आहे, आई," तो म्हणाला.

तिने मान हलवली नाही. कागद स्वतःकडे ओढला, त्या रस्त्याच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बरं. आता हे वरपासून पुन्हा सांग. सावकाश."

त्याने खुर्ची तिच्याजवळ सरकवली. मी उठून चहाचं पाणी ठेवलं, तिघांचं.